साठवलेल्या कापडाचा कुबट वास

प्रश्न : शिवणकामासाठी वेळोवेळी घेतलेले सुती, रेशमी आणि लोकरी कापड अनेक वर्षे कपाटात पडून आहे. त्याला कुबट वास येतो, काही तुकड्यांना डांबराच्या गोळ्यांचाही येतो. सुगंधी फवारा मारून पाहिला, पण इस्त्री फिरवताच वास पुन्हा उसळतो. कापड टाकून द्यावे का?

उत्तर : टाकून देण्याची घाई मुळीच करू नये. इस्त्रीची उष्णता आणि वाफ लागताच वास येतो, कारण वासाचे मूळ धाग्यांतच अडकलेले असते. फवाऱ्याने ते झाकले जाते, निघत नाही. म्हणून फवारा आधी बंद करावा आणि कोणत्या तुकड्याला कोणता वास आहे, ते घडीच्या आतल्या भागाशी नाक नेऊन पाहावे.

डांबराच्या गोळीतील नॅफ्थलीन पाण्यात फारसे विरघळत नाही, मात्र हवेत आपोआप उडून जाते. त्यामुळे असे कापड धुण्याआधी पूर्ण उलगडून, वारा खेळेल अशा जागी सावलीत टांगावे आणि वास जाईपर्यंत, प्रसंगी काही आठवडे, तसेच ठेवावे. ही वाफ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने झोपण्याच्या खोलीत कापड टांगू नये.

कुबट वास बहुधा ओल आणि बुरशीचा असतो. बुरशीचे ठिपके दिसल्यास कापड घराबाहेर नेऊन, नाकातोंडावर मास्क बांधून मऊ ब्रशने झटकावे. सुती कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग सुटत नाही याची खात्री करावी, कडा उसवू नयेत म्हणून झिगझॅग टीप घालावी आणि बादलीभर पाण्यात कपभर पांढरे व्हिनेगर मिसळून त्यात अर्धा तास भिजवून मग साबणाने धुवावे. व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सुती कापड धुतल्यावर आटतेही, तेव्हा ही धुलाई बेतण्यापूर्वीच झालेली बरी.

रेशीम आणि लोकर यांच्या बाबतीत मात्र जपून वागावे, असे मी आग्रहाने सांगेन. हे धागे प्रथिनांचे असतात. डाग काढण्यासाठी प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) घातलेली धुलाईची पावडर त्यांना कमजोर करते आणि खाण्याच्या सोड्याचे पाणीही त्यांना मानवत नाही. कोरडा सोडा मात्र उपयोगी पडतो. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी सोड्याची उघडी वाटी ठेवावी, वर जाळी ठेवून तिच्यावर कापड सैलसर पसरावे, डबा बंद करावा आणि रोज घडी बदलावी. सोड्याऐवजी सक्रिय कोळसा (वास शोषून घेण्यासाठी खास प्रक्रिया केलेला कोळसा) मिळाल्यास अधिक चांगले. कडक ऊन टाळावे, विशेषतः रेशमाला. त्याचा रंगही उडतो आणि धागाही कुजतो. कॉलरसारख्या भागांना ताठपणा देण्यासाठी आतून लावायचा, इस्त्रीने चिकटणारा कॅनव्हास साठ्यात असेल तर तो धुऊ नये, त्याला फक्त हवा द्यावी.

कपाट रिकामे करून पुसून, दारे उघडी ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी पुन्हा धरू शकते, त्यामुळे ओलसर भिंतीला लागून असलेले कपाट थोडे पुढे ओढावे. कापड प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून, वेगळ्या रेषेवर घडी घालून परत ठेवावे.