बघायला भाजण्याच्या दिवशी जा, पिशवी मात्र मागच्या आठवड्याची घ्या

प्रश्न : आमच्या भिशी मंडळात आम्ही अकरा जणी आहोत. आमच्या भागात कॉफीच्या बिया भाजून विकणारी एक लहान रोस्टरी आहे आणि त्याच जागेत कोकोच्या बियांपासून चॉकलेटही तयार होते. पुढच्या महिन्याची भिशी तिथेच करावी, असे ठरत आहे. केवळ कॉफी पिऊन आणि फोटो काढून परत यायचे नसेल, तर तिथे काय पाहावे, काय विचारावे आणि काय विकत घ्यावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वप्रथम दूरध्वनी करून मशीन कोणत्या दिवशी आणि किती वाजता चालू असते, हे विचारून घ्या. लहान रोस्टरीत बहुधा आठवड्यातून एक-दोनदाच भाजतात, त्यामुळे इतर दिवशी गेलात तर थंड पडलेले यंत्र आणि दुधावर काढलेली नक्षी एवढेच पाहायला मिळेल. अकरा जणी एकदम भट्टीच्या खोलीत मावणार नाहीत, म्हणून दोन गट करा. त्या दिवशी अत्तर आणि गजरा टाळावा, ही विनंती मी आवर्जून करतो. कोकोतील स्निग्धांश भोवतालचा वास पटकन धरून ठेवतो आणि मोगऱ्याच्या वासाचे चॉकलेट कोणाला हवे असेल, असे वाटत नाही. शिवाय तुमच्या स्वतःच्या नाकालाही त्या दिवशी बरेच काम आहे.

आत गेल्यावर भट्टीकडे धावण्यापूर्वी कच्च्या बियांच्या पोत्यापाशी थांबा. हिरवट-राखाडी रंगाची, एका बाजूने सपाट आणि मधोमध चीर असलेली ती बी हातात घेऊन हुंगा. तिला वाळलेल्या गवताचा किंवा कच्च्या शेंगदाण्याचा वास येतो, कॉफीचा अजिबात येत नाही. आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो, तो भट्टीत तयार होतो. ही बी कोणत्या मळ्यातील आहे, अरेबिका की रोबस्टा या दोन मुख्य जातींपैकी कोणती आणि कोणत्या हंगामातील, हे इथेच विचारून घ्या. बहुतेक वेळा उत्तर कर्नाटकाचे येईल, कारण देशातील सुमारे ७० टक्के कॉफी तिथेच पिकते. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका तिथे सांगतात; त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे. आपल्या राज्यात विदर्भातील चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून थोडी कॉफी होते. ती या रोस्टरीत कधी येते का, हेही सहज विचारून पाहा.

आता भट्टी. आधीच तापवलेल्या फिरत्या ड्रममध्ये बिया सोडल्या की त्या हिरव्याच्या पिवळ्या होतात आणि या टप्प्यावर तव्यावरच्या पोळीसारखा वास येतो. पुढे त्या तपकिरी होऊ लागतात आणि बियांचे तापमान १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की लाह्या फुटल्यासारखा स्पष्ट आवाज सुरू होतो. रोस्टरीतील लोक याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. भाजणारी व्यक्ती ड्रमच्या तोंडाशी असलेली पन्हळीसारखी लहान पळी पुन्हा पुन्हा बाहेर ओढते, रंग पाहते, नाकाशी धरते आणि परत आत सरकवते. आवाज सुरू झाल्यावर तिला कृपया एकही प्रश्न विचारू नका, कारण पुढच्या एक-दोन मिनिटांतच कॉफी फिकी ठेवायची की गडद करायची याचा निर्णय होतो आणि थोडे लक्ष विचलित झाले तरी सगळा घाणा हातचा जातो. चकलीची भाजणी भाजताना कोणी दारावरची घंटा वाजवली, तर आपल्याला काय वाटते, ते आठवा. रवा खमंग झाल्याबरोबर आपण तो कढईतून परातीत काढतो, नाहीतर कढईच्या उष्णतेनेच तो पुढे भाजला जातो. नेमक्या त्याच कारणासाठी इथे बिया जाळीच्या मोठ्या ताटात ओतून खालून हवा ओढतात आणि काही मिनिटांत गार करतात. ताट गार झाले की मग हवे तेवढे प्रश्न विचारा. कच्च्या एक किलोतून साधारण ८५० ग्रॅम भाजलेली कॉफी हाती येते, म्हणून कच्च्या मालाच्या भावाची तुलना पिशवीवरच्या किमतीशी सरळ करू नये.

चॉकलेटच्या बाजूला निराळा धीर लागतो. बदामाच्या आकाराच्या कोकोच्या कच्च्या बिया हुंगून पाहा. त्यांना हलका व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फळातून काढलेल्या बिया त्यांच्या पांढऱ्या गरासकट लाकडी खोक्यात, पुष्कळदा केळीच्या पानांखाली, पाच ते सात दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. हे काम मळ्यावरच होते. ते बिघडले तर पुढे कितीही महाग यंत्र असले तरी चॉकलेटची चव येत नाही. त्यामुळे ‘बिया कोणी आंबवल्या?’ हा प्रश्न मी ‘किती टक्के डार्क?’ या प्रश्नाच्या आधी विचारतो. केरळमधील इडुक्की किंवा आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी असे जिल्ह्याचे नाव आणि मळ्याबद्दल दोन वाक्ये ऐकायला मिळाली, तर माणसे जाणकार आहेत असे समजावे. कोको कॉफीपेक्षा बऱ्याच कमी तापमानावर, साधारण १२० ते १४० अंशांवर, भाजतात. मग बिया फोडून हवेच्या झोताने टरफले उडवतात, म्हणजे आपण सुपाने पाखडतो तेच काम यंत्र करते.

राहिलेले तुकडे ज्या दगडी यंत्रात जातात, ते पाहून तुमच्यापैकी निम्म्या जणी हसतील. तो इडली-डोशाचा ग्राइंडरच आहे. कोइम्बतूरला घरगुती वापरासाठी तयार होणाऱ्या टेबलावरच्या ग्राइंडरमध्ये थोडे फेरफार करून अमेरिकेतील आणि इतरत्रच्या छोट्या चॉकलेटवाल्यांनी आपले धंदे उभे केले, आणि आता खास चॉकलेटसाठीच तसे ग्राइंडर तयार होतात. त्यात कोको आणि साखर दोन-तीन दिवस अखंड फिरत राहते. जिभेला कण जाणवू नये इतके, म्हणजे सुमारे २० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते बारीक व्हावे लागतात. तासाभराच्या भेटीत यातले काहीच ‘घडताना’ दिसणार नाही. मात्र सकाळी भरलेला आणि परवा भरलेला असे दोन ग्राइंडर चालू असतील, तर दोन्हींतला थेंब-थेंब चमच्यावर मागून घ्या. एक जिभेवर रव्यासारखा रवाळ लागेल, दुसरा लोण्यासारखा. माझ्या मते संपूर्ण भेटीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

चव घेताना चॉकलेट आधी आणि कॉफी नंतर घ्यावी, मध्ये कोमट पाणी प्यावे. चॉकलेट चावू नये, जिभेवर विरघळू द्यावे. कॉफीची पारख करायला बसवले, तर चमच्यातील कॉफी मोठ्याने भुरका मारून ओढावी लागते. लहानपणी ज्यासाठी धपाटा मिळाला, तेच इथे शिष्टाचार म्हणून शिकवतात.

खरेदीचा मुद्दा बहुतेकांना उलटा वाटतो. डोळ्यांसमोर भाजलेली पिशवी घेऊ नका. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. पिशवीला एकेरी झडप असते ती त्याचसाठी. एकदा एका ठिकाणी ‘आत्ताच भाजली आहे’ असे कौतुकाने सांगून कोमट पिशवी माझ्या हातात ठेवण्यात आली आणि मीही हुरळून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी ओतताच फेस उसळून गाळणीबाहेर आला आणि कॉफी तुरट, पाणचट झाली. आठवड्याने त्याच पिशवीतील कॉफी उत्तम लागली. म्हणून पाच ते दहा दिवसांपूर्वीची तारीख पाहून घ्या. तारीखच छापलेली नसेल, तर घेऊ नका. पुष्कळ चॉकलेटवालेही दळलेल्या चॉकलेटच्या लाद्या काही आठवडे मुरू देतात आणि मग वड्या पाडतात. लोणच्याच्या देशात हे समजावून सांगावे लागू नये.

प्रश्न : अशाच एका ठिकाणाहून एप्रिलमध्ये आणलेले महागडे चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवले, तर त्यावर पांढरट थर आला. ही बुरशी आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, ते खाण्यास सुरक्षित आहे. कोको बटर, म्हणजे कोकोतील स्निग्धांश, ३४ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे नागपूरच्या एप्रिलमध्ये घरी येईपर्यंत ते मऊ पडून पुन्हा घट्ट झाले असणार. चॉकलेट करताना ते आधी तापवून, मग २७-२८ अंशांपर्यंत निववून आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून त्यातील स्निग्धांशाचे स्फटिक एकसारखे बसवतात. याला टेम्परिंग म्हणतात आणि वडी मोडताना येणारा ‘कट्’ आवाज त्याचाच परिणाम असतो. वाटेत ही बसवलेली घडी विस्कटली की स्निग्धांश पृष्ठभागावर येतो. त्यावर बोट चोळल्यास थर विरघळून नाहीसा होतो. बोटाला खरखरीत लागला, तर मात्र ती फ्रिजमधील दमटपणामुळे वर आलेली साखर असते. अशी वडी गरम दुधात विरघळवून प्या, फरक कळणार नाही. पुढच्या वेळी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर चॉकलेट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबा उघडू नका.

प्रश्न : यजमानांना चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीच लागते. रोस्टरीत मागितली तर हसतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हसले तर हसू द्या, मात्र अनेक नव्या रोस्टरींत चिकोरी ठेवतच नाहीत. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा नियम आहे आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. ठाण्याहून माटुंगा दूर नाही. तिथल्या जुन्या कॉफीच्या दुकानांत हवे ते प्रमाण सांगून समोर दळून मिळते. रोस्टरीतूनच घ्यायची असेल, तर गडद भाजलेली कॉफी मागा, स्टीलच्या फिल्टरसाठी दळायची आहे हे स्पष्ट सांगा आणि एका वेळी १०० ग्रॅमच दळून आणा.