विकसनशील देशात राहून आंतरराष्ट्रीय विकासाचं व्यवस्थापन करायचं, तर नेमकं काय शिकावं?

तुम्ही विचारलंय की या विषयाला परदेशात ॲडमिशन मिळतेय, पण पुढे काम इथेच ठाण्यात करायचंय, तर तिथलं शिक्षण उपयोगी पडेल का. मी बारा वर्षं कळवा-दिघ्याच्या वस्त्यांमध्ये परदेशी निधीवरचे प्रकल्प सांभाळतेय, त्या अनुभवावरून सांगते.

लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं, कामं आणि मोजमाप एका तक्त्यात मांडायची पद्धत), बेसलाइन (कामाआधीच्या परिस्थितीची नोंद), तिमाही रिपोर्ट हे तिथे उत्तम शिकवतात आणि ते यायलाच हवं. पण लॉगफ्रेम मुळात १९६९च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी बनली. आपल्या पैशाचं काय झालं हे देणाऱ्याला कळावं, ही तिची गरज. घेणाऱ्याचे प्रश्न त्या तक्त्यात आपणच आणावे लागतात.

कळव्याच्या डोंगरावर आमचं बचतगटांचं ट्रेनिंग होतं. टार्गेट चारशे बायका, वेळ सकाळी दहा. मस्टर भरत होतं आणि बायका पेंगत होत्या. एक काकू सही करता करता म्हणाल्या, "ताई, नळाला पाणी रात्री दीडला येतं. हंडे भरेपर्यंत चार वाजतात. झोपायचं कधी?" ट्रेनिंग आम्ही दुपारी घेतलं, पण गरज होती सामायिक टाकीची आणि त्यासाठी बजेटमध्ये लाइनच नव्हती. ती घालून घ्यायला निधी देणाऱ्यांशी आठ महिने पत्रव्यवहार केला. प्राधान्यक्रम घेणाऱ्या देशाने ठरवायचा, हे २००५च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणाऱ्या देशांनी मान्य केलंय. मी प्रत्येक पत्रात तेच लिहिलं. टाकी झाली. माझ्या लेखी व्यवस्थापन म्हणजे ते आठ महिने.

आपले कायदेही नीट वाचा. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. त्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. वस्तीतल्या छोट्या मंडळांना आमच्यामार्फत मिळणारे पैसे त्याने थांबले. याचं मला आजही फार वाईट वाटतं, कारण घरोघरची माहिती त्यांच्याकडेच होती.

मोठ्या कर्जांच्या अटीही अशाच नीट वाचा. शिळफाट्याजवळ बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन होतंय. जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं. व्याजाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण कर्ज येनमध्ये आहे, म्हणजे येनपुढे रुपया घसरला तर फरक आपण भरायचा. आणि प्रकल्पबाधितांना थेट जायकाकडे, म्हणजे हे कर्ज देणाऱ्या जपानी सरकारी संस्थेकडे, आक्षेप नोंदवायची सोय आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. ते लोकांना मराठीत समजावून सांगणारं माणूस आपल्याकडे हवंय.

ॲडमिशन घ्याच. जाण्याआधी मात्र महिनाभर एखाद्या संस्थेच्या अकाउंटंटशेजारी बसा, आणि एक रात्र वस्तीतल्या नळावर काढा. कळव्यात यायचं असेल तर मला मेसेज करा, मी घेऊन जाईन.