अक्षय तृतीया की अक्षय्य तृतीया?

प्रश्न असा आहे की कॅलेंडरवर 'अक्षय्य तृतीया' छापलेलं असतं आणि सोन्याच्या जाहिरातीत, व्हॉट्सॲपच्या शुभेच्छांमध्ये 'अक्षय तृतीया', मग तो दुसरा य प्रिंटिंग मिस्टेक आहे का?

अजिबात नाही. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, पण अर्थामध्ये बारीक फरक आहे आणि मला तो फार आवडतो. अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही, जे झिजत नाही. अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय करताच येत नाही, कितीही खर्चा, वाटा, संपणार नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं यावर चक्क एक वेगळं सूत्र आहे, 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे', म्हणजे 'करता येण्याजोगं' असं म्हणायचं असेल तेव्हाच क्षय्य आणि जय्य ही रूपं, नाहीतर क्षेय आणि जेय. आपण अजय्य लिहितो ना, ज्याला जिंकणं शक्यच नाही तो, तोच हा प्रकार. हिंदीत अक्षय रूढ आहे, गीतेत 'सुखमक्षयमश्नुते' आहे, त्यामुळे अक्षय लिहिणाऱ्याला चूक म्हणू नका, पण मराठीने तो जोड य सांभाळलाय तर आपण कशाला टाकून द्यायचा?

आता अर्थाकडे. आज लोक म्हणतात की या दिवशी घेतलेलं सोनं वाढत जातं. जुनी समजूत मात्र घेण्याची नाही, देण्याची आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला केलेलं दान, जप, होम अक्षय्य होतं, म्हणून तिथीला हे नाव. श्राद्धातही पितरांना दिलेलं अक्षय्य होवो म्हणून ब्राह्मणाच्या हातावर पाणी सोडतात, त्याला अक्षय्योदकच म्हणतात. ऐन उन्हाळ्यात पाण्याने भरलेला घडा दान करायचा, म्हणजे उदककुंभ, ही चाल त्याच अंगाने आलेली, आणि माझ्या मते या शब्दाचा जीव तिथेच आहे, सराफाच्या दुकानात नाही.

आमच्या खानदेशात हा सण म्हणजे आखाजी. क्षीरची खीर होते, क्षारचा खार होतो, तसा अक्षयचा आखा, गुजरातीतल्या आखात्रीजमध्येही तोच. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि घरात घागर भरतात. आमची आजी नवी मातीची घागर काठोकाठ भरायची, वर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, दोन सांजोऱ्या, आंबा, आणि गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची. 'आखाजीले पितर पानी प्याले येतस' म्हणायची, त्या दिवशी दारात आलेल्या कुणालाही पाणी पाजल्याशिवाय सोडायची नाही.