विवरणपत्र मोफत भरता येते, मग दीड हजार कशाचे?

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून सोलापुरात राहते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात मला निवृत्तिवेतनाचे ५ लाख ४० हजार रुपये आणि दोन बँकांतील ठेवींवरील व्याजाचे दीड लाख रुपये मिळाले. त्यांपैकी एका बँकेने १२ हजार रुपये कर कापून घेतला. तो परत मिळावा म्हणून दरवर्षी ओळखीच्या एका गृहस्थांना दीड हजार रुपये देऊन मी विवरणपत्र भरून घेते. सरकारला माझा पै न् पै हिशेब ठाऊक असताना तोच पुन्हा कळवायचा आणि त्यासाठी पैसेही मोजायचे, हे योग्य आहे का? मला ते स्वतः भरता येईल का?

उत्तर : भरता येईल, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरणे मोफत आहे; आपण देता ते दीड हजार रुपये केवळ त्या गृहस्थांच्या श्रमाचे आहेत. आपला हिशेबही अगदी सरळ आहे. नव्या करप्रणालीत निवृत्तिवेतनातून ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे आपले करपात्र उत्पन्न ६ लाख १५ हजार रुपये होते. १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करसवलतीमुळे प्रत्यक्ष कर शून्य होतो, त्यामुळे कापलेले १२ हजार रुपये पूर्ण परत मिळायला हवेत. मात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्याने, कर नसला तरी विवरणपत्र भरावेच लागते.

खरी अडचण फॉर्ममध्ये नसून त्या संकेतस्थळावरचे आपले खाते कोणाच्या ताब्यात आहे, यात असते. माझ्या शेजारच्या एका निवृत्त गिरणी कामगारांचे विवरणपत्र आम्ही दोघे मिळून भरायला बसलो, तेव्हा पहिलाच ओटीपी भलत्याच मोबाइलवर गेला. खाते उघडणाऱ्या एजंटाने स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ईमेल तेथे नोंदवून ठेवला होता, आणि विभागाची प्रत्येक सूचना इतकी वर्षे त्याच्याकडेच जात होती. आपण आधी हेच तपासा. तसे असेल तर ‘पासवर्ड विसरलो’ या पर्यायातून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन नवा पासवर्ड करा आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल व ईमेल नोंदवा. आधारलाच जुना क्रमांक असेल तर पहिली फेरी आधार केंद्राची. आमचा बहुतेक वेळ यातच गेला. प्रत्यक्ष विवरणपत्र अर्ध्या तासात झाले.

आपल्यासाठी ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१, हा फॉर्म आहे. त्यात निवृत्तिवेतन, व्याज आणि कापलेला कर हे आकडे बहुधा आधीच भरलेले दिसतील. ते जसेच्या तसे मान्य न करता संकेतस्थळावरचे ‘वार्षिक माहिती विवरण’, म्हणजे विभागाकडे आपल्या नावावर जमा झालेल्या नोंदींची यादी, उघडून दोन्ही बँकांच्या व्याजाच्या दाखल्यांशी ताडून पाहा; बचत खात्यावरचे किरकोळ व्याज हमखास राहून जाते. परतावा ज्या खात्यात हवा ते बँक खाते पडताळलेले असावे. शेवटी आधार ओटीपीने ई-पडताळणी ३० दिवसांच्या आत करा, कारण ती राहिली तर भरलेले विवरणपत्र ग्राह्य धरले जात नाही. वर्षभरात जागा किंवा घर विकले असेल तर मात्र ‘सहज’ चालत नाही; अशा वेळी सनदी लेखापालांना दिलेले शुल्क सार्थकी लागते. आणि ‘जास्त परतावा काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, कारण खोट्या वजावटी त्याने दाखवल्या तरी नोटीस आपल्या नावाने येते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : हे योग्य नाही. नॉर्वेमध्ये सरकारच भरलेले विवरणपत्र पाठवते आणि नागरिकाने त्यात काही बदल केला नाही तर ते मान्य आहे असे धरले जाते. आपल्याकडेही २०२१ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना विवरणपत्रातून सूट मिळाली, पण निवृत्तिवेतन आणि व्याज दोन्ही एकाच, सरकारने अधिसूचित केलेल्या बँकेतून येत असेल तरच. आयुष्यभराची पुंजी सुरक्षिततेसाठी दोन बँकांत विभागून ठेवणाऱ्या माणसाला ही अट बाद करते. दोन्ही बँकांचे आकडे विभागाकडे एकाच पॅनखाली जमा होतात, मग ही अट कशासाठी? वयाची आणि बँकेची ही अट काढून, केवळ निवृत्तिवेतन व व्याज असणाऱ्या प्रत्येकाला मराठीत एक पान यावे आणि त्याने ‘मान्य’ किंवा ‘दुरुस्ती हवी’ एवढेच कळवावे, ही मागणी आपण सर्वांनी आपल्या खासदारांकडे लेखी करायला हवी.

तोवर ३१ जुलैची मुदत चुकवू नका. आपल्या उत्पन्नाला विलंब शुल्क ५ हजार रुपये लागते. तसेच चालू वर्षात कर कापलाच जाऊ नये म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी द्यायचे स्वयंघोषणापत्र दोन्ही बँकांत याच आठवड्यात भरून द्या आणि पोच घ्या.