टोपी खांद्यावर बसली का? आइस हॉकीच्या शोल्डर पॅडविषयी वाचकांचे प्रश्न

संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला २०२५ मध्ये झालेल्या महिलांच्या आइस हॉकी आशिया चषकात भारताच्या मुलींनी ब्राँझ पटकावलं. संघात बहुतेक मुली लडाखच्या. पण पत्रं येतायत सोलापूरहून, जिथं जानेवारीतही दुपारी पंखा लागतो. या वेळची चारही पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत.

माझी लेक १५ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच. चार वर्षं इनलाइन स्केटिंग करते. जानेवारीत लेहला आइस हॉकीच्या शिबिराला जायचंय आणि सामानाच्या यादीत ‘शोल्डर पॅड’ आहे. इथल्या दुकानात विचारलं तर क्रिकेटचा चेस्ट गार्ड काढून दाखवतात. ऑनलाइन मागवायचं तर माप कसं घ्यायचं? वाढतं अंग आहे, एक नंबर मोठंच घेतलं तर? — एक आई, जुळे सोलापूर

मोठं घेऊ नका. गणवेशाला दोन इंच दाब ठेवतो तसा हिशोब इथे चालत नाही. कारण पुढे येईलच.

चेस्ट गार्ड समोरून येणाऱ्या चेंडूपुरता. शोल्डर पॅड बंडीसारखं डोक्यातून घालतात. खांद्यांवर दोन टणक टोप्या, छातीवर एक पाटी, पाठीच्या कण्यावर एक पाटी, दंडांना दोन गार्ड आणि पोटावर एक तुकडा. हा पोटावरचा तुकडा पुष्कळ मॉडेलमध्ये वेल्क्रोने काढता येतो. काखेखालून जाणारे दोन पट्टे आणि दंडांचे दोन पट्टे हे सगळं अंगाशी धरून ठेवतात.

मापं तीन घ्या, शिंप्याच्या टेपने. खेळताना जी स्पोर्ट्‌स ब्रा आणि पातळ बनियन घालणार आहे ती अंगात असू द्या. पहिलं माप छातीचं: काखेखालून, सगळ्यात भरलेल्या जागेवरून, टेप पाठीमागेही आडवी सरळ राहील असं. श्वास रोखायचा नाही. दुसरं उंचीचं. तिसरं माप बहुतेक तक्त्यांत नसतं, तरी तेच सगळ्यात कामाचं: एका खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत, पाठीवरून. हात लोंबता सोडून बोटाने चाचपलं की खांदा जिथं संपतो आणि दंड सुरू होतो तिथं हाडाचा उंचवटा लागतो. तेच टोक.

कंपन्यांच्या तक्त्यांत यूथ, ज्युनिअर, सिनिअर असे गट असतात. तुमच्या लेकीची छाती ३० ते ३३ इंच असेल तर ती साधारण ज्युनिअर लार्जमध्ये बसेल. ३४ च्या पुढे गेली की सिनिअर स्मॉल बघायचं. हे आकडे कंपनीगणिक इंच-दोन इंचाने सरकतात. त्यामुळे ज्या मॉडेलची ऑर्डर देणार त्याचाच तक्ता बघा, आणि ‘अमकीला मीडियम बसलं’ यावर जाऊ नका.

पार्सल आलं की लेबल काढायच्या आधी घरीच घालून बघा. सगळे पट्टे सैल करून डोक्यातून घाला, आधी गळा मध्यावर आणा, मग काखेखालचे पट्टे लावा आणि दंडाचे सगळ्यात शेवटी. दंडाचे आधी आवळले तर टोपी बाहेर ओढली जाते आणि पॅड मोठं असल्याचा भास होतो.

आता टोपी बघा. तिचा मध्य त्या चाचपलेल्या हाडाच्या बरोबर वर हवा. टोपी आणि हाड यांत थोडी पोकळी असते, ती मुद्दाम ठेवलेली असते: मार हाडावर न येता आजूबाजूच्या फोमवर पसरावा म्हणून. टोपी बाहेर लोंबत असेल तर कडेला आपटल्यावर ती मागे सरकते आणि उघडं हाड सरळ बोर्डावर, म्हणजे मैदानाभोवतीच्या टणक कठड्यावर जातं. मोठं घेऊ नका म्हणालो ते यासाठी. वाढीची सोय पट्ट्यांत असते, टोपीत नसते.

मग गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे हासळी. पडल्यावर मोडणाऱ्या हाडांत तिचा नंबर वरचा. ती दोन्ही बाजूंना पूर्ण झाकलेली हवी. दोन्ही हात वर करायला सांगा: पॅड थोडं वर चढणारच, पण हनुवटीला लागता कामा नये. पाठीमागे उभं राहून दोन्ही टोप्या हातात धरा आणि स्टिअरिंगसारख्या डावी-उजवीकडे फिरवा. लेक पॅडसकट वळली तर ठीक. पॅड वळलं आणि लेक तिथंच राहिली तर एक नंबर लहान.

शेवटी कोपराचे पॅड आणि हॉकीची पँट चढवून गुडघे वाकवून, स्केटिंग करतो तसं बसायला लावा. दंडाचा गार्ड कोपराच्या पॅडला जेमतेम टेकावा. फट दोन बोटांपेक्षा जास्त नको, आणि एकावर एक चढायलाही नको. ही चाचणी उभं राहून करून उपयोग नाही. वाकल्यावर पँट वर येते आणि पोटावरच्या तुकड्याला ढकलते. तो लांब असेल तर अख्खं पॅड गळ्यापर्यंत उचललं जातं. कमी उंचीच्या मुलींना हा त्रास फार होतो. पोटाचा तुकडा काढून परत वाकायला सांगा. तरीही ढकलतच असेल तर ते मॉडेल तिचं नाही.

लेहचं म्हणून एक: थंडीला घाबरून आत लोकरीचा स्वेटर घालू देऊ नका. काखेत गोळा होतो, पट्टे नीट लागत नाहीत, घामाने ओला झाला की तोच गारठवतो. आत पातळ, घाम शोषून न धरणारं बनियन; जाड जाकीट खेळ थांबल्यावर. आणि रात्री पॅड उबदार खोलीत ठेवायचं. ओलं पॅड थंड खोलीत राहिलं तर सकाळी पापडासारखं कडक मिळतं.

उंची ५ फूट १ इंच, छाती ४०. नोकरीसाठी टोरांटोत आहे, तिथल्या हौशी महिला संघात खेळते. सिनिअर मीडियम घेतलं. छातीवर दाबतं आणि खांद्यावरून लोंबतं, दोन्ही एकदम. आता लार्ज घेऊ का? — होटगी रोड, सध्या सुट्टीवर

लार्ज घेतलं तर छातीला बरं वाटेल आणि खांदे आणखी उघडे पडतील. तुमचा प्रश्न नंबराचा नाहीच, घडणीचा आहे.

नेहमीच्या पॅडची छातीची पाटी सपाट असते आणि खांदे पुरुषाच्या रुंदीचे धरलेले असतात. भरलेल्या छातीवर सपाट पाटी ठेवली की ती मध्ये टेकते आणि वरच्या कडेला उचलली जाते. हासळीपाशी बोट घालून बघा: दोन बोटं सहज आत गेली तर तिथं पॅड असून नसल्यासारखं. पाटी उचलली गेली की टोप्याही तिच्याबरोबर बाहेर ढकलल्या जातात. म्हणून एकाच वेळी दाबतंही आणि लोंबतंही.

महिलांसाठी म्हणून बनवलेल्या पॅडमध्ये खांद्यांतलं अंतर कमी, धड आखूड आणि छातीचा भाग खोलगट किंवा दोन तुकड्यांत असतो. आधी ती घालून बघा. टोरांटोत हॉकीची मोठी दुकानं आहेत, सोलापुरात बसून मागवू नका. परत पाठवायचा खर्च आणि कस्टमची कटकट कशाला? मात्र ‘वुमेन’ लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. काही मॉडेलमध्ये रंग आणि नंबर तेवढे बदललेले असतात. पाटी उलटी करून आतून हात फिरवा: खोलगटपणा हाताला लागला पाहिजे.

तसं नाही मिळालं तर असं पॅड शोधा ज्याची छातीची मधली पाटी बाकीच्या पॅडला फक्त इलॅस्टिकने किंवा वरच्या कडेने जोडलेली असते. ती छातीप्रमाणे पुढे सरकते आणि खांद्यांना ओढत नाही. यात स्मॉलसुद्धा बसू शकतं. छातीचं माप ४० असलं तरी खांद्याचं माप लहान असेल तर खांद्याचं ऐका आणि छातीकडे पट्टे लांब करा.

ब्रा मागे हुक असलेली नको. हुक कण्याच्या पाटीखाली येतो आणि अर्ध्या तासात सोलपटतं. तारेची तर अजिबात नको. पाळीच्या आधी छाती दुखरी आणि थोडी भरलेली असते, म्हणून एरवी काखेखालच्या पट्ट्याला दीड-दोन इंच वेल्क्रो शिल्लक राहील असं पॅड घ्या. शेवटच्या टोकापर्यंत ताणून लागणारं पॅड दुकानात बसतं, महिन्यातले काही दिवस बसत नाही.

मुलींच्या सामन्यात धडक मारायची नसते ना? मग इनलाइन हॉकीला घालतो तो पॅड लावलेला शर्ट बर्फावर का चालू नये? — कॉलेजची खेळाडू, अशोक चौक

आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांत पुरुषांसारखी उघड धडक मारता येत नाही, हे खरं. पण बोर्डाला आणि बर्फाला तो नियम कोण सांगणार? पाय निसटून खांद्यावर पडणं, पकसाठी दोघींनी एकदम कडेला जाणं, यात कुणाचाच दोष नसतो. पक म्हणजे १५६ ते १७० ग्रॅमची टणक रबरी चकती, या खेळातला चेंडूच, वजनाला जवळपास क्रिकेटचा चेंडू, आणि सामन्यात तर ती गोठवूनच आणतात. शर्टाचा मऊ फोम सरावाला, सिमेंटच्या मैदानावर ठीक. बर्फावर टणक टोपी हवी.

आमचं गणवेश शिवायचं काम आहे. एका खेळाडूनं सेकंडहँड पॅड आणलंय, म्हणते सैल होतंय, खांद्यात घेऊन द्या. करावं का? — एक शिलाईवाले, अक्कलकोट रोड

खांद्यात घेऊ नका. टोपी, पाटी आणि फोम यांना सुई लावायची नाही. सुईच्या भोकांतून घाम आत मुरतो, शिवणीखाली फोम दबून पातळ होतो, आणि टोपीची जागा अर्धा इंच हलली तरी सगळं वाया.

पट्टे मात्र तुमच्या हातचं काम आहे. सेकंडहँड पॅड सैल वाटतं ते बहुतेक वेळा इलॅस्टिक मेलेलं असतं म्हणून. मूळ पट्ट्याच्याच रुंदीचं नवं विणीचं इलॅस्टिक घ्या आणि लांबी जुन्याइतकीच धरा. जुनं ताणलं गेलंय, तेव्हा ते मोजताना ओढू नका. वेल्क्रोची काटेरी बाजू अंगाकडे येता कामा नये, मान आणि काख खरवडते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा घामानं कुजतो. टोकाला चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घाला, नुसती सरळ टीप पहिल्या ओढीला उसवते.

पण त्याआधी पॅडच घेण्यासारखं आहे का बघा. फोमवर अंगठा दाबून सोडा: खळगा लगेच भरला तर जिवंत आहे, तसाच राहिला तर परत करायला सांगा. टोपी उजेडात धरून वाकवा. पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिक आतून तडकलंय.

वास येत असेल तर धुऊनच हातात घ्या. सगळे वेल्क्रो बंद करून १५ लिटर कोमट पाण्यात दोन चमचे साधी पावडर टाकायची, अर्धा तास भिजवायचं, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. दोन पाण्यांतून काढून जाड सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की निम्मं पाणी तिथंच सुटतं. मग आतली बाजू वर करून पंख्याखाली, एक-दोन दिवस. गच्चीवर उन्हात टाकायला सांगू नका: एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात गोंद सुटतो आणि फोम ठिसूळ होतो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवलं तरी तेच.