नैरोबीच्या विमानात तिनं विचारलेला प्रश्न

पत्र : मी कऱ्हाडजवळच्या हायस्कुलात शिक्षक आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सहामाहीत 64 टक्के पडले. मे महिन्यात माझ्या भावाकडे नैरोबीला जाऊन आलो, तेव्हापासून तिनं एअर होस्टेस व्हायचं खूळ घेतलंय. परत येताना समुद्रावर विमान इतकं हादरलं की आम्ही देवाचा धावा करत होतो, आणि ही विचारत होती, "बाबा, आता पायलट कुणाशी बोलत असेल?" रात्री मोबाइलवर विमानं बघत बसते. शिकल्यासवरल्या मुलीनं चहाचे ट्रे फिरवावेत हे मला पटत नाही. विमानातच जायचं तर पायलट हो, असं मी सांगितलंय. त्यासाठी दोन एकर विकायची तयारी आहे, गिऱ्हाईकही आलंय. पण तिचं इंग्रजी कच्चं आहे. काय करावं? – एक पालक

उत्तर : सर, तुमच्या पत्रातल्या 64 टक्क्यांपाशी मी थांबलेच नाही. थांबले ती 'चहाचे ट्रे' या शब्दांपाशी, आणि नंतर त्या दोन एकरांपाशी.

विमान हादरत होतं तेव्हा केबिनमध्ये काय चाललं होतं, ते आठवून बघा. कॉकपिटमधून इशारा आला की चहा-कॉफीची गरम भांडी आधी बंद करतात, कारण ती उडाली तर भाजतं प्रवाशाला. खाण्याची भरलेली गाडी माणसाएवढी जड असते. ती आत ढकलून कडी लावावी लागते, नाहीतर तीच छताला जाऊन आदळते. मग प्रत्येक पट्टा बघायचा, मांडीवरची पोरं सांभाळायची, आणि हे सगळं उभ्यानं, बाकी सगळे बांधून बसलेले असताना. आपल्या जागेपर्यंत पोचायला वेळ नसेल तर मिळेल त्या सीटवर, तेही नाही तर खाली बसून हाताला लागेल ते घट्ट धरायचं. 21 मे 2024 ला सिंगापूर एअरलाइन्सचं लंडन-सिंगापूर विमान म्यानमारवर होतं. पट्ट्याची खूण लागल्यावर काही सेकंदांतच ते साधारण पाच सेकंदांत 178 फूट खाली आलं. एक प्रवासी दगावला, कितीतरी जखमी झाले. आत कोणाला किती लागलंय हे केबिनमधल्या माणसांनी पायलटला कळवलं, त्यावरून पायलटनं विमान बँकॉकला वळवलं आणि उतरल्याबरोबर डॉक्टर हवेत असा निरोप दिला. त्या माणसांच्या हातात एरवी ट्रे असतो, हे खरं. पण त्यांना शिकवून तयार करतात ते या अशा दिवसासाठी. तुम्ही घरात त्यांच्याबद्दल जे बोललात ते मुलीनं ऐकलंय, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता जमीन. पायलट व्हायचंय असं तुमच्या मुलीनं कुठं म्हटलंय? पत्र मी तीनदा वाचलं. पायलट हा शब्द तुमचा आहे. 200 तास उड्डाण, डीजीसीएचे म्हणजे सरकारी विमान खात्याचे पेपर, मेडिकल आणि वर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं वेगळं शिक्षण, असा तो रस्ता आहे. खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे जातो आणि शेवटी नोकरीची हमी नसते. ज्या मुलाला त्याचीच आस आहे त्यानं तो धरावा. पण बापानं मान खाली जाऊ नये म्हणून शेत विकायचं, आणि पोरीनं ते ओझं घेऊन सोलो उड्डाणाला बसायचं, हे मला मान्य नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही खूळ म्हणून लिहिलीत. पायलट कुणाशी बोलत असेल? याचं उत्तर तिला द्यायला हवं होतं, म्हणून मी इथे देते. तो बोलतो एअर ट्रॅफिक कंट्रोलरशी, म्हणजे जमिनीवर बसून विमानांना एकमेकांपासून लांब ठेवणाऱ्या माणसाशी.

रडार आणि जवळचा रेडिओ सरळ रेषेत चालतात, आणि पृथ्वी तर गोल आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून साधारण दोनशे सागरी मैलांपुढे विमान दोन्हींच्या टप्प्याबाहेर जातं. पुढे एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ. त्याच्या लहरी वरच्या वातावरणावर आपटून परत खाली येतात, म्हणून दिवसा एक फ्रिक्वेन्सी चालते आणि रात्री त्याहून खालची घ्यावी लागते. कानात कढईत काही तळत असल्यासारखा चरचराट. तो पायलटला तासन् तास ऐकावा लागू नये म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत असतो. जमिनीवरून तो पाठवला की कॉकपिटमध्ये घंटा वाजते. हल्ली उपग्रहामार्फत टाइप केलेले निरोप जातात आणि विमान आपली जागा आपोआप कळवतं. नैरोबीहून येताना समुद्रावर तुमचं विमान आधी सोमालियातल्या मोगादिशूच्या आणि मग मुंबईच्या कंट्रोलरांच्या ताब्यात होतं. अरबी समुद्राचा फार मोठा पट्टा मुंबईत बसलेली माणसं सांभाळतात.

पुढे ढग दिसला म्हणून पायलटला हवं तसं वळता येत नाही. तो विचारतो, वीस मैल डावीकडे जाऊ का? कंट्रोलर बघतो की त्याच उंचीवर शेजारच्या मार्गानं कोण येतंय, कारण दोन मार्गांत पन्नास मैल राखलेले असतात. उत्तर यायला कधी मिनिटं जातात. उत्तर आलंच नाही आणि ढग समोर आला, तर त्यालाही नियम आहे : सगळे दिवे लावायचे, आसपासच्या विमानांना रेडिओवर सांगायचं, आणि मार्गापासून पाच मैल बाहेर पडलं की उंची तीनशे फुटांनी बदलायची, म्हणजे समोरून कोणी आलं तरी गाठ पडत नाही. ज्या हादऱ्यांना ढगच नसतो, ते विमानाच्या रडारवर दिसतच नाहीत. तिथं पुढच्या विमानानं दिलेला निरोप मागच्याच्या कामी येतो. तुम्ही रामरक्षा म्हणत होतात तेव्हा ही सगळी बोलणी चालू असणार, आणि तुमच्या मुलीला ती न ऐकताही जाणवली.

इंग्रजीबद्दल मात्र तुमचा मोठा गैरसमज आहे, आणि तो बहुतेक मराठी पालकांचा असतो. आकाशात फाडफाड इंग्रजी कोणालाच नको असतं. तिथले शब्द ठरलेले आहेत. 'थ्री' नीट ऐकू येत नाही म्हणून 'ट्री' म्हणायचं, 'फाइव्ह'ला 'फाइफ', 'नाइन'ला 'नाइनर'. कंट्रोलरनं उंची सांगितली की पायलटनं तीच परत म्हणायची, आणि ती बरोबर म्हटली का हे कंट्रोलरनं कान देऊन ऐकायचं. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, आणि त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हे एक कारण निघालं. त्यानंतर भाषेची आंतरराष्ट्रीय परीक्षा आली. तिच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी पुरते. उच्चार पुण्या-मुंबईचा नसला तरी चालतो. बोललेलं समजलं पाहिजे आणि ऐनवेळी घाबरून जीभ अडखळता कामा नये. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचून दोन वर्षांत हे जमतं.

म्हणून माझं मत वेगळंच आहे. तिला एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या कामाची ओळख करून द्या. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी कऱ्हाडातच होईल. मग एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षा, आवाजाची चाचणी, मेडिकल. वयाची अट खुल्या गटाला 27. प्रशिक्षणाच्या केंद्रांत आपलं गोंदियाही आहे. जागा कमी, स्पर्धा दांडगी, आणि रात्रपाळी कायमची. हे तिला आधीच सांगा.

हे सगळं कळल्यावरही ती म्हणाली की मला केबिनमध्येच काम करायचंय, तर तिला जाऊ द्या, आणि नातेवाइकांना ताठ मानेनं सांगा. त्यासाठी बारावी पुरते, प्रशिक्षण विमान कंपनी स्वतः देते. लाख-दीड लाख घेणाऱ्या खासगी अकॅडमीची पायरी चढू नका.

गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळवा. विसार घेतला असेल तर परत करा. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. तिला अजून काय काय विचारायचंय ते मला वाचायचं आहे.