मणका, मनका आणि तो गॅप

परभणीहून एका वाचकाने विचारलं आहे, "'मणक्यात गॅप आलाय' याला नीट मराठी शब्द कोणता? आणि आमच्या मुलीच्या वहीत 'मनका' लाल शाईने खोडलाय. तो खरंच चूक का?"

आधी गॅपचा निकाल लावू, कारण तो ऐकून ऐकून कान किटलेत. नांदेडपासून बीडपर्यंत कुठल्याही एसटी स्टँडवर चार वयस्कर माणसं बसली की गॅप निघतोच. "एक्स-रे काढला, मणक्यात गॅप निघाला." अहो, निघणारच! गॅप असायलाच हवा. एक्स-रेत हाड पांढरं उमटतं. दोन मणक्यांमधली चकती कूर्चेची, पाणीदार. ती उमटत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. ती फट म्हणजे जागेवर असलेली चकती. वय झालं की चकतीतलं पाणी आटतं, ती दबते आणि फट अरुंद होते. म्हणजे ज्याची चकती झिजली त्याचा गॅप गेलेला असतो आणि तो सांगत फिरतो, आलाय म्हणून! डॉक्टर बहुधा 'गॅप कमी झालाय' म्हणत असावेत. पेशंट त्यातला पहिला शब्द घेऊन घरी येतो. 'गादी झिजली' किंवा 'चकती झिजली' म्हणा.

आता शुद्धलेखन. लिहिताना मणका, यात वाद नाही. पण आपल्याकडे गावात 'पानी' आणि 'कोन' म्हणणारा माणूस 'मनका'च म्हणणार, आणि बोलण्यात ते चालतं. उर्दू-हिंदीत तर शब्दच मनका आहे. जपमाळेचा मणीही मनका आणि मानेमागचं हाडही मनका. माणूस अगदी शेवटच्या घटकेला टेकला की 'मनका ढलकना' म्हणतात. निजामाच्या राज्यात ज्यांच्या पिढ्या उर्दूत शिकल्या, त्या मुलखात या 'न'ला लाल शाई लावणं जरा जास्तच झालं. शिवाय लाल शाईवाले स्वतः 'मनगट' लिहितात! संस्कृतात मनगटाला मणिबंध म्हणतात, म्हणजे जिथे मणी बांधायचे ती जागा. मराठीतही जुन्या कोशांत 'मणगट' हे रूप मिळतं. माझ्या मते त्यातला 'मण' हा मणीच. मग तिथला 'ण' सोडून दिला तेव्हा कुणाच्या वहीत रेघ ओढली गेली?

मणका म्हणजे मणी, हे सांगायला कोश लागत नाही. मजा पुढे आहे. हार ओवतात म्हणून मणका, एवढ्यावर लोक थांबतात. पण मण्याची खूण गोलपणा नव्हे, भोक. गोल तर गोटीही असते. मणक्याला मागच्या बाजूला भोक असतं, एकावर एक मणके बसले की त्या भोकांची नळी होते आणि तिच्यातून मज्जारज्जू जातो. रज्जू म्हणजे दोरीच! ही दोरी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते आणि पुढे नसांचा झुपका सुटा लोंबतो, गळ्यातल्या माळेला गोंडा असावा तसा. बोकडाचा कणा ज्याने हाताने सोलून पाहिला असेल त्यानेच हा शब्द केला असणार. मानेत 7, पाठीत 12, कमरेत 5; खाली त्रिकास्थीचे, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या तिकोनी हाडाचे, 5 आणि माकडहाडाचे बहुधा 4 एकमेकांना चिकटून जातात. मूळ मोजणी 33, मोठ्या माणसात हाडं उरतात 26.

संस्कृत पंडितांना त्याच पाठीत काय दिसलं? बांबू. पृष्ठवंशातला वंश म्हणजे वेळू. पेरं दिसली, पोकळी दिसली, ठीक आहे. पण बांबूची पेरं सुटी होत नाहीत आणि बांबू असा वाकून पायाच्या अंगठ्याला लागत नाही. दुसरा शब्द कशेरुका. कशेरू हे पाणथळ जागी येणाऱ्या एका कंदाचंही नाव. ओबडधोबड गाठींची रांग पाहून ते दिलं असेल, तर निरीक्षण बरं आहे, पण त्यात दोरी नाही. तरी परिभाषा ठरवणाऱ्यांनी हातातला मणका टाकून कशेरुका उचलली आणि पोरांना ती घोकायला लावली. शेतात राबणारी बाई जो शब्द रोज वापरते तो शास्त्रीय नाही आणि कंदाचा शब्द शास्त्रीय, हा न्याय मला अजून कुणी पटवून दिलेला नाही. काही कीर्तनकार मणक्याचा संबंध 'मना'शी जोडतात. श्लेष म्हणून टाळी द्यावी, व्युत्पत्ती म्हणून देऊ नये.

आता माझा लाडका तर्क. हा शब्द मण्यांच्या मुलखात घडला, आणि तो मुलूख आपला. धाराशिव जिल्ह्यात तेरला लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा, सातवाहन काळच्या मण्यांनी डोळे दिपतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नोंदवहीत पैठणहून ऑनिक्स, म्हणजे अकीकाच्या जातीचा दगड, गुजरातेतल्या भडोच बंदरात जात असल्याचं लिहिलं आहे. ज्या गावाच्या दगडाचे मणी होतात, भोकं पाडून ओवले जातात, त्या गावाला पाठीतही मणीच दिसणार.

यावर ठरलेला आक्षेप येतो की हिंदीतही मनका आहे. आहे ना, पण हिंदी कोशांत तो मानेपाशीच अडकला. बाकीच्या पाठीला त्यांनी 'रीढ़ की हड्डी' ठेवली. आपल्याकडे मानेपासून कमरेपर्यंत तोच शब्द चालतो, आणि गुजरातीतही. तिकडे म्हणतात मणको. पैठणचा माल कुठल्या बंदरात उतरत होता?